तेल मोजायची काचेची बाटली: फॅटी लिव्हर असलेल्या खान्देशी घरातून

घ्यावी की नाही, ते आधीच सांगते. घरात कुणाला फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठलेली, निघालं असेल आणि स्वयंपाक आपल्या खान्देशी हाताचा असेल, तर ही बाटली जरूर घ्या. एवढ्याने लिव्हर बरं होईल असं मात्र मानू नका. बाटली काय करते आणि काय करत नाही, दोन्ही सविस्तर लिहिते, कारण माझ्या ओळखीत निम्म्या घरांत आता सोनोग्राफीच्या कागदावर हे दोन शब्द छापून आलेले आहेत.

वस्तू साधी आहे. जाड काचेची, अर्धा लिटर तेल मावेल अशी बाटली. झाकणावर रबरी बटण. ते दाबून सोडलं की नळीतून तेल वर चढतं आणि झाकणाखालच्या छोट्या कप्प्यात जमतं. कप्प्यावर ५, १०, १५ अशा मिलीच्या खुणा. हवं तेवढं आलं की बाटली कलती करायची, कप्प्यातलंच तेल कढईत पडतं, बाकीचं खाली राहतं. जळगावच्या फुले मार्केटमधून आणली, तीनशे रुपयांच्या आत मिळाली. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच घाटाच्या बाटल्या वेगवेगळ्या नावांनी विकायला आहेत आणि आतलं काम सगळ्यांचं सारखंच आहे.

आम्ही अमळनेरचे. घरात पाच माणसं: सासूबाई, आम्ही दोघं, मुलगा, मुलगी. मी शाळेत गणित शिकवते, हे कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब पाहतात. दिवसभर खुर्ची, संध्याकाळी चहासोबत शेव-मुरमुरे. दारू नाही, तंबाखू नाही. यांना पोटात उजवीकडे जडसं वाटतं म्हणून सोनोग्राफी केली, त्यात फॅटी लिव्हर, ग्रेड २. वजन ८४ किलो, कमरेचा घेर १०१ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० च्या आत हवा. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. लिव्हरच्या रक्ततपासणीतलं एसजीपीटी ६८.

खरं सांगायचं तर मी ग्रेडला घाबरले नव्हते, मला दुसरीच भीती होती. माझे मोठे दीर सिरॉसिसने, म्हणजे लिव्हर वणांनी भरून, गेले. आयुष्यात कधी दारूला शिवले नाहीत. मधुमेह होता आणि पोट सुटलेलं होतं, एवढंच. तरी गावात कुजबुज झालीच की चोरून पीत असतील. जाऊबाईंना ते शब्द दुखण्यापेक्षा जास्त लागले. म्हणून ज्याला त्याला सांगते: लिव्हर फक्त दारूनेच खराब होतं हे खरं नाही. पोटाची चरबी, साखर आणि बसून राहणं यांनीही ते आतून भरत जातं. सगळ्यांचं पुढे जात नाही, बहुतेकांचं चरबीवरच थांबतं. पण काहींच्या लिव्हरला सूज येते, सुजेतून वण पडतात, आणि वण वाढत गेले की सिरॉसिस. या वाटेत बरीच वर्षं जातात आणि तेवढी वर्षं काहीही दुखत नाही.

डॉक्टरांनी एक गोष्ट फार नीट समजावली. सोनोग्राफीचा ग्रेड चरबी किती दिसते ते सांगतो, वण किती पडलेत ते सांगत नाही. ग्रेड १ असून आत वण असू शकतात आणि ग्रेड ३ असून नसू शकतात. वणांचा अंदाज घ्यायला महागडी तपासणी लगेच लागत नाही. साध्या रक्ताच्या रिपोर्टवरून एक आकडा निघतो, त्याला फिब-४ म्हणतात. वयाला एसजीओटीने (एसजीपीटीसारखाच रक्ततपासणीतला आकडा) गुणायचं. मग प्लेटलेट हजारांत घेऊन त्यांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. यांचं वय ४७, एसजीओटी ४२, प्लेटलेट २ लाख ४० हजार, एसजीपीटी ६८. उत्तर १ च्या आसपास आलं. १.३ च्या खाली असेल तर मोठे वण असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर लिव्हरच्या तज्ज्ञाकडे जायलाच हवं. मधल्यांना फायब्रोस्कॅन सांगतात. त्यात बरगडीच्या फटीतून लहरी सोडून लिव्हर किती कडक झालंय ते मोजतात. पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात, आणि पस्तिशीच्या आतल्यांना हे गणित नीट लागू पडत नाही. वहीत मांडून मी ते स्वतः केलं आणि त्या रात्री शांत झोपले. तुमच्या हातात रिपोर्ट असेल तर डॉक्टरांना हा आकडा जरूर विचारा. हिपॅटायटिस बी आणि सी एकदा तपासून घ्या. आमचे तपासले, नव्हते.

यांना औषध दिलं नाही. सांगितलं एकच: वजन. ८४ चे ५ टक्के उतरले, म्हणजे चार किलोच्या वर, की लिव्हरमधली चरबी कमी व्हायला लागते. ७ ते १० टक्के उतरले की सूजही ओसरते, वणांवरही फरक पडू शकतो. म्हणजे सहा ते साडेआठ किलो. तेही हळूहळू, आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. उपाशी राहून झपाट्याने उतरवलं तर लिव्हरला उलट त्रास होतो.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "ताई, तेल कमी करा असं सगळेच सांगतात. तुम्ही आधी मोजा, घरात लागतं किती."

बाटली आणली ती त्यासाठी. पण पहिलं गणित बाटलीशिवायच सुटलं. १५ किलोचा डबा आमच्याकडे दोन महिन्यांत संपायचा. माणसं पाच. म्हणजे माणशी दिवसाला ५० ग्रॅम. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम आणि बाईला २० ग्रॅम तेल-तूप पुरेसं सांगते. आम्ही सरळ दुप्पट खात होतो, आणि माझ्या घरात तेल जास्त लागतं असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं, कारण सगळ्यांकडे तेवढंच लागतं. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी. वरचे २५ ग्रॅम म्हणजे रोजच्या सव्वादोनशे. महिन्याचा हिशेब केला तर कागदावर जवळजवळ पाऊण-एक किलो वजन. शरीर कागदाप्रमाणे चालत नाही, प्रत्यक्षात उतरतं त्यापेक्षा कमी. तरी दिशा कळली.

तेल कुठलं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. आमच्या भागात कपाशी, म्हणून सरकीचं तेल पूर्वापार. घरात शेंगदाण्याचंही असतं. सरकी, शेंगदाणा, सोयाबीन, घाण्याचं, रिफाइंड, कॅलरी सगळ्यांत सारखीच. तेल बदलून लिव्हर सुधारत नाही, कमी करून सुधारतं. तळून उरलेलं काळपट तेल मात्र पुन्हा पुन्हा वापरू नका. वनस्पती तुपाबद्दलही थोडं सांगते, कारण आमचं अमळनेर तसं त्याच वासात वाढलेलं गाव. १९४५ मध्ये इथेच वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी निघाली, वनस्पती तूप बनवायची, आणि तीच पुढे विप्रो झाली. वनस्पतीत पूर्वी ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारी घातक चरबी, भरपूर असायचं. जानेवारी २०२२ पासून सरकारने त्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. बेकरीच्या खारीत आणि नानकटाईत तरीही मैदा, साखर आणि तूप आहेच, म्हणून घरात ते आणणं मी थांबवलं.

आता बाटलीचा खरा उपयोग. आपल्याकडे तेल बुधलीतून पळीने घालतात. बाटली आल्यावर पहिल्याच दिवशी मी आमची पळी मोजली: काठोकाठ ३० मिली. भाजीला "दोन पळ्या" म्हणजे ६० मिली, पाचशेच्या आसपास कॅलरी, भाजीत काही पडायच्या आधीच. हे डोळ्यांनी दिसलं तेव्हा सासूबाईंनाही पटलं. त्याआधी त्यांचा विरोध होता. शेवभाजीच्या दिवशी त्या अहिराणीत म्हणाल्या, "तेलना तवंग नही ते शेवभाजी कसानी?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. तवंगात मसाल्याचा रंग आणि वास उतरतो, ताटात पहिली चव त्याचीच लागते.

वाट त्यांनीच काढली. आपला काळा मसाला मुळात भाजून करायचा असतो: कांदा विस्तवावर, खोबरं तव्यावर कोरडं. ते नीट काळपट भाजलं आणि पाट्यावर बारीक वाटलं तर परतायला फार तेल लागत नाही. पाच जणांच्या रश्शाला आता मी बाटलीतून २५ मिली घेते. मसाला त्यात परतते, सुकायला लागला की तेलाऐवजी गरम पाण्याचा हबका मारते, आणि रस्सा मंद आचेवर जास्त वेळ ठेवते. खोबऱ्याचं तेल स्वतःहून सुटतं आणि वर पातळ तवंग येतो. हॉटेलसारखा नाही येत. चव मात्र घरातल्या सगळ्यांना चालली, आणि मुलगा चवीला कडक आहे.

भरीताचं सोपं गेलं. वांगं भरीताचंच घ्या, हिरवट-पांढरं, मोठं. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे ते उगाच नाही. गर भरपूर, बिया कमी. काड्यांवर भाजलं तर धुराचा वासच एवढा असतो की तेलाची उणीव भासत नाही. मिरची-लसूण बडगीत (लाकडी उखळीत) ठेचून, कांद्याची पात वरून घालून, फोडणी १५ मिलीची. लग्नाच्या पंगतीतल्या भरीतात तेल हाताला लागतं, इथे लागत नाही. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडीद, तेलाचा थेंब नाही, आणि पोट पोळीपेक्षा लवकर भरतं. यांची भाकरी एक ठेवली, भाजी आणि कच्चा कांदा-मुळा-काकडी वाढवली, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकी ठरलेली. भात रात्री बंद केला.

खिचडीवर कच्चं तेल, हा आमचा जुना घोळ. ताटात घेतलेलं तेल कुणी मोजत नाही, प्रत्येक जण बुधली कलती करतो. बाटली मी आता जेवताना मध्ये ठेवते. ज्याला हवं त्याने ५ मिलीच्या खुणेपर्यंत घ्यावं. रोजच्या वापरात बाटलीने सगळ्यात जास्त तेल इथेच वाचवलं, कढईत नाही.

जिथे बाटली काहीच करू शकत नाही, तेही सांगायला हवं. ती फक्त ओतलेलं तेल मोजते. शेवेतलं, पापडातलं, केळीच्या वेफर्समधलं तेल तिला दिसत नाही. शेवेच्या पाकिटाच्या मागे वाचा, १०० ग्रॅममध्ये तिसऱ्या हिश्श्याहून जास्त स्निग्धांश सापडेल. शेवभाजीला २५ मिली तेल मोजून घालायचं आणि वरून मूठमूठ शेव टाकायची, यात काय मिळवलं? शेवभाजी आता महिन्यातून एकदा करते, शेव वाटीने मोजून. फुनके आणि कढी त्या जागी जास्त वेळा होते. फुनके वाफवलेले असतात, डाळीची प्रथिनंही मिळतात. बिबडे (ज्वारीचे पापड) तळण्याऐवजी विस्तवावर भाजते, आणि खरं तर बिबडा भाजूनच जास्त चांगला लागतो.

साखरेपुढे तर बाटलीचा काहीच उपयोग नाही, आणि फॅटी लिव्हरमध्ये साखर तेलाइतकीच, माझ्या मते जास्तच, छळते. जास्तीच्या साखरेची चरबी लिव्हर स्वतः बनवतं. थंड पेयांतली आणि मिठाईतली साखर त्याला थेट जाऊन भिडते. जिनिंगमध्ये दिवसभरात चार-पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे. तो चहा तोडणं तेलापेक्षा कठीण गेलं. शेवटी यांनी दोन चहांच्या जागी बिनसाखरेची कॉफी घेतली. कॉफी लिव्हरला चांगली असल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे, पण साखर न घालता. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस आणि खापरावरचे मांडे केले, सणाच्या दिवशी मी कुणाचं ताट मोजत नाही. एरवी आमरस बंद, आंब्याच्या दोन फोडी. केळ्याचं विचाराल तर अख्खं केळ दिवसाला एक, शिकरण नको.

आणि चालणं. बाटलीच्या परीक्षणात कशाला, असं वाटेल, पण हे लिहिलं नाही तर कुणी नुसती बाटली घेऊन समाधान मानेल. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल इतक्या वेगाने. आम्ही दोघं सकाळी मंगळग्रह मंदिराच्या बाजूला चालत जातो. मंगळवारी तिथे गर्दी असते म्हणून त्या दिवशी वाट बदलतो. वजन अडून बसलं तरी चालणं सोडू नका, वजन न उतरताही चालण्याने लिव्हरमधली चरबी काही प्रमाणात कमी होते.

शेजारपाजारहून गुळवेलीचा काढा आणि लिव्हर टॉनिकच्या बाटल्या सुचवल्या गेल्या. प्रेमाने सुचवतात, पण मी घरात घेतलं नाही. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेपही घेतला होता. वाद काहीही असो, आधीच आजारी असलेल्या लिव्हरवर न विचारता काही प्रयोग करू नये, मग ते झाडपाल्याचं असो की गोळी.

यांचं वजन आता ७७ आहे. एसजीपीटी ३४ वर आलं, पुढच्या सोनोग्राफीत ग्रेड १ निघाला. हे बाटलीचं श्रेय नाही, सगळ्याचं मिळून आहे, आणि सगळ्यात जास्त यांच्या निश्चयाचं. पण सुरुवात कुठून करावी हे कळत नव्हतं, तेव्हा हातात धरण्यासारखी एक गोष्ट बाटलीने दिली. घरात आता डबा येत नाही, ५ लिटरचा कॅन येतो आणि महिना ओलांडून जातो.

वस्तूतले दोष. कप्प्याच्या खुणा छापलेल्या आहेत, घासणीने घासल्या की पुसट होतात. कोरलेल्या खुणांची मिळाली तर तीच घ्या. रबरी बटण उन्हाळ्यात चिकट होतं, आपल्या ४५ अंशांत तर फारच. गॅसजवळ किंवा खिडकीच्या उन्हात ठेवलीत तर तेल खवट होईल. डिसेंबर-जानेवारीत कडाक्याच्या सकाळी शेंगदाण्याचं तेल घट्टसर होतं आणि नळीतून नीट चढत नाही. थोडा वेळ कोमट पाण्यात उभी करावी लागते. मान अरुंद आहे, धुताना लांब ब्रश लागतो, आणि आत पाण्याचा थेंब राहिला तर नवं तेल बिघडतं. म्हणून मी दोन आणल्या आहेत, एक वापरात, एक धुऊन वाळत. घाईत पाहुण्यांचा स्वयंपाक असेल तर पुन्हा पुन्हा दाबायचा कंटाळा येतो, हे खरं आहे.

फवाऱ्याची बाटलीही वापरून पाहिली. धिरडं, ऑम्लेट यांना बरी, पण फोडणीला निरुपयोगी आणि तोंड सारखं तुंबतं. बाटलीवर खर्च करायचा नसेल तर औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं झाकण धुऊन बुधलीजवळ ठेवा, तेही ५-१० मिली बरोबर मोजतं. एक लिटरची मोठी बाटली घेऊ नका. भरली की जड होते आणि सासूबाईंच्या हातून एका हाताने कलती होत नाही. अर्ध्या लिटरचीच घ्या, आणि दुकानात पाणी भरून बटण दोन-तीनदा दाबून दाखवायला सांगा. कप्पा झिरपत असेल तर तिथेच कळतं.